रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, तासगाव तालुक्यातल्या गावी असतात. गालाचा कॅन्सर. मिरजेत ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) झाले, आजार परत आला आणि आता डॉक्टरांनी "घरी न्या, सेवा करा" असं सांगितलंय. नाकात नळी आहे, गालावर उघडी जखम आहे. आई घरी एकटी, तुम्ही पुण्यात नोकरीला. सांगलीची एक होमकेअर एजन्सी आणि एका ट्रस्टचं दहा खाटांचं सेंटर, असे दोन पर्याय आहेत. दोन्हीकडे छान बोलतात, दोघांनाही गूगलवर साडेचार तारे आहेत. यातलं चांगलं कोणतं, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न जरा फिरवून घेऊ. पुढच्या काही आठवड्यांत बाबांना काय काय होऊ शकतं, याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो. दुखणं वाढेल. जखमेला वास येईल, कदाचित रक्त जाईल. नळी तुंबेल किंवा निघून येईल. चार-चार दिवस संडास होणार नाही. एखाद्या रात्री ते असंबद्ध बोलतील, उठून चालू लागतील. आणि मग शेवटचे दोन-तीन दिवस. यातलं काहीही झालं तर कोण येणार, किती वेळात येणार आणि काय हातात घेऊन येणार, एवढंच तपासायचं आहे. इमारत, एसी, माहितीपत्रकावरचे फोटो यांना त्या वेळी काही अर्थ नसतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या बाहेरचा माणूस ठरवू शकत नाही. बाबांना कुठे राहायचंय, हे त्यांना विचारलंय का? आईच्या जोडीला रात्री दुसरं माणूस आहे का? संडास घराला लागून आहे की अंगणापलीकडे? घर सांगलीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असेल तर घरची सेवा जमते. तेच घर जत किंवा आटपाडीच्या टोकाला असतं, तर मी उत्तर वेगळं दिलं असतं. पाटण-जावळीच्या डोंगरातही तसंच. तिथे पावसाळ्यात रस्ता आणि मोबाईलची रेंज दोन्ही एकदमच जातात.

पहिली चाचणी मॉर्फिनची, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त भर देतो. तोंडाच्या कॅन्सरचं दुखणं पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉलवर फार दिवस निभत नाही. ट्रॅमाडॉलला वरची मर्यादा आहे, दिवसाला ४०० मिलिग्रॅम. त्यापुढे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं जास्त जोराचं वेदनाशामक, लागतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून हे औषध ठेवणं पूर्वीइतकं किचकट राहिलेलं नाही. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकांकडून, म्हणजे आपल्याकडे एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन), एकच मान्यता पुरते. लोक तिला इंग्रजी आद्याक्षरांनी 'आरएमआय' म्हणतात. तेव्हा थेट विचारा, "तुमच्याकडे आरएमआय आहे का? नसेल तर मॉर्फिन कुठून आणता आणि एका वेळी किती दिवसांचं देता?" स्वतःची मान्यता नसली तरी चालेल. एखाद्या मान्यता असलेल्या हॉस्पिटलशी त्यांचं पक्कं ठरलेलं असलं म्हणजे झालं. "आम्ही मॉर्फिन शक्यतो टाळतो, सवय लागते" असं उत्तर आलं, तर बाकीची चौकशी करण्यात वेळ घालवू नका.

मान्यता आहे म्हणजे ते नीट वापरतात असं होत नाही, म्हणून पुढचे प्रश्न. साध्या, म्हणजे लवकर विरघळणाऱ्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. त्यामुळे ती घड्याळाप्रमाणे द्यावी लागते. नेहमीची पद्धत म्हणजे सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. वयस्कर, अशक्त माणसाला सुरुवात अडीच ते पाच मिलिग्रॅमने होते. मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी जपून, दोन डोसांमधलं अंतर वाढवून. मधेच कळ आली तर जादा डोस किती द्यायचा, हे कागदावर लिहून दिलेलं असलं पाहिजे. साधारणपणे तो दिवसभराच्या एकूण मात्रेचा सहावा भाग असतो. आणि मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून रेचक हवंच. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता कधीच ओसरत नाही. रेचक न लिहिता मॉर्फिन लिहिणाऱ्याने हे काम शिकलेलं नाही, असं खुशाल समजा. हे आकडे तुम्हाला पडताळा घेण्यापुरते आहेत. बाबांचा डोस डॉक्टरच ठरवतील.

नळी असलेल्या पेशंटसाठी इथे एक खास सापळा आहे. मॉर्फिनच्या काही गोळ्या बारा तास हळूहळू विरघळणाऱ्या, 'एसआर' असतात. त्या कुटून नळीतून दिल्या, तर बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं आणि श्वास मंदावू शकतो. एजन्सीच्या सिस्टरना विचारा, "बाबांना नळी आहे, गोळ्या कशा देणार?" "कुटून पाण्यातून" एवढंच उत्तर आलं आणि "कोणती गोळी आहे ते आधी बघू" असं त्या म्हणाल्या नाहीत, तर ही मोठी उणीव आहे.

दुसरा प्रकार पॅचचा. काही ठिकाणी मॉर्फिन नसतं, म्हणून पहिल्याच भेटीत फेंटानिलचा, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीचं औषध कातडीतून सोडणारा, पॅच चिकटवतात. पॅच वाईट नाही, नळी असणाऱ्याला तर सोयीचाच. पण त्याचा असर सुरू व्हायला बारा तासांच्या वर लागतात, तो ७२ तासांनी बदलायचा असतो आणि २५ चा (ताशी २५ मायक्रोग्रॅम) पॅच म्हणजे ढोबळमानाने दिवसाला ६० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त मॉर्फिन तोंडाने घेतल्यासारखं आहे. ज्या म्हाताऱ्या माणसाने आधी मॉर्फिन घेतलेलंच नाही, त्याला तो झेपेलच असं नाही. ताप असेल किंवा त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर औषध आणखी वेगाने शिरतं. हे तुम्हाला न सांगता कोणी पॅच लावत असेल तर थांबवा.

आता फोन. सगळ्या जाहिरातींवर '२४ तास सेवा' लिहिलेलं असतं. ते खरं की खोटं, हे तपासायला एक रुपयाही लागत नाही. एखाद्या रविवारी रात्री अकराच्या पुढे फोन करा. काही तातडीचं असल्याचं खोटं सांगू नका. फोन उचलला गेला की सरळ सांगा, "वडिलांसाठी चौकशी करतोय, रात्री फोन लागतो का ते बघायचं होतं." चांगल्या ठिकाणी याचा कोणाला राग येत नाही. फोन उचलणाऱ्याला पेशंटचा कागद समोर बघता येतो का, त्याला डॉक्टरांशी लगेच बोलता येतं का, हे तेव्हाच विचारा. नुसतं "सकाळी बघतो, जास्त वाटलं तर सिव्हिलला न्या" म्हणणारी रात्रसेवा म्हणजे रात्रसेवा नव्हे. घरच्या सेवेत रात्री गाडी यायलाच हवी असा माझा आग्रह नाही. पंचवीस किलोमीटरवर ते दर वेळी शक्यही नसतं. पण फोनवरून आईला पायरी पायरीने सांगणारं माणूस हवं, आणि घरात आधीच ठेवलेला औषधांचा एक डबा हवा. त्यात जादा मॉर्फिन, उलटीचं औषध, अस्वस्थपणाचं औषध, घशातली घरघर कमी करण्याचं औषध, प्रत्येक पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरात कशासाठी आणि किती ते लिहिलेलं. असा डबा ते करून देतात का, हे नक्की विचारा. फोनवरच्या सल्ल्याला त्या डब्यामुळे अर्थ येतो.

पावसाळ्याचंही बोलून घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीच्या आसपासचे रस्ते किती दिवस बंद होते, हे तुम्हाला माहीतच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं की पेशंटच्या घरी किती दिवसांचं औषध जास्तीचं पोचवतात? पूर अनुभवलेली टीम या प्रश्नावर क्षणभरही अडखळत नाही.

कोण येणार, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे नर्सिंग ब्युरोच्या केअरटेकर मावशींनाही लोक 'सिस्टर' म्हणतात, आणि एजन्सीला तो गोंधळ सोयीचा असतो. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं मावशी उत्तम करतात, पुष्कळदा शिकलेल्या नर्सपेक्षाही मायेने. पण जखमेचं ड्रेसिंग, नळी घालणं, इंजेक्शन ही कामं एएनएम किंवा जीएनएम झालेल्या नर्सची. नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको. पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजार बरा होणार नसताना त्रास कमी करण्याच्या सेवेचं, वेगळं प्रशिक्षणही असतं, निदान काही आठवड्यांचं. टीममधल्या एका डॉक्टरने आणि एका नर्सने तरी ते घेतलेलं असावं. दिवसाला किती घरं करता, हेही विचारा. रस्त्यावरचा वेळ धरला तर एका गाडीने पाच-सहा घरांपलीकडे नीट काम होत नाही. पहिली भेट तासाभराची तरी हवी. वीस मिनिटांत बीपी, साखर बघून निघणारे नुसती हजेरी लावून जातात.

आता बाबांच्या आजाराला धरून परीक्षेचे दोन-तीन प्रश्न. मी एकच सुचवायचा असता तर हा सुचवला असता: "जखमेत आळ्या पडल्या तर काय करता?" ऐकायला किळसवाणं आहे, पण गोठ्याशेजारच्या घरात उघड्या जखमेवर माशी बसते आणि हे होतं. यात घरच्यांचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. ज्याने हे काम केलंय तो शांतपणे सांगेल: टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला गॉज जखमेच्या तोंडाशी काही मिनिटं धरायचा, आळ्या वर येतात, चिमट्याने काढायच्या, दोन-तीन दिवस पुन्हा बघायचं, आणि तोवर मच्छरदाणी. ज्याने केलेलं नाही तो एक तर तोंड वाकडं करेल, नाहीतर "ॲडमिट करा" म्हणेल. दुसरा प्रश्न वासाचा. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून जखमेवर भुरभुरवल्या की वास बऱ्यापैकी आटोक्यात येतो. उपाय स्वस्त आहे, तरी तो माहीत नसल्याने कित्येक घरांत पेशंटची खाट मागच्या खोलीत जाते. ड्रेसिंग काढताना चिकटलेला गॉज सलाईनने भिजवून सोडवतात की ओढतात, हेही बघा. ओढला की दुखतं आणि रक्त येतं. तिसरा प्रश्न, एकदम रक्त सुरू झालं तर? उत्तरात गडद रंगाचे टॉवेल आले तर समजा अनुभवी माणसाशी बोलताय. पांढऱ्या कापडावरचं रक्त पाहून घरचे गर्भगळीत होतात, गडद कापडावर ते तितकं दिसत नाही आणि दाबून धरायला हात स्थिर राहतो.

नळीचं शिक्षण आईला कोण देणार? एका वेळी साधारण २०० मिली, गाळून घेतलेलं, डोकं उंच करून, नंतर अर्धा तास तसंच बसवून, शेवटी थोडं साधं पाणी सोडायचं. हे एकदा सांगून भागत नाही. आईने सिस्टरसमोर दोनदा करून दाखवलं पाहिजे. सगळं स्वतः करून आईला लांब ठेवणाऱ्या एजन्सीपेक्षा आईचा हात तयार करून घेणारी एजन्सी कितीतरी बरी. दिवसाचे बावीस तास तर आईच तिथे असणार आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: मॉर्फिन आहे आणि वापरता येतं, रात्री फोनवर जाणतं माणूस आहे, येणारी नर्स जखम आणि नळी ओळखते, घरच्यांना शिकवतात. एवढं जुळलं तर बाकीच्या उणिवा सोसता येतात.

सेंटरचा पर्याय असेल तर तिथे न सांगता जा, आणि ऑफिसच्या वेळेत जाऊ नका. संध्याकाळी सातनंतरची वेळ बरी. आत शिरताच नाकाला काय कळतं? नुसता फिनेलचा उग्र वास हे स्वच्छतेचं लक्षण नव्हे, तो कशाला तरी झाकत असतो. पेशंटचे ओठ बघा. कोरडे, भेगाळलेले ओठ म्हणजे तोंडाची निगा कोणी घेत नाही. लघवीची पिशवी जमिनीवर लोळतेय की खाटेला अडकवलेली आहे? खाटेजवळचा तक्ता वाचा. कूस बदलल्याची नोंद दर दोन तासांची असते. तुम्ही सातला गेलात आणि रात्री नऊ-अकराच्या रकान्यांत आधीच टिक असतील, तर मागच्या रात्रींचंही काय ते समजा. दुखण्याचा आकडा शून्य ते दहामध्ये लिहितात. सगळ्यांचा, सगळे दिवस, एकाच पेनाने '०' असेल तर तो विचारलेलाच नाही. पेशंटला "चार नंबर" म्हणतात की "आजोबा", याकडेही कान असू द्या. सगळे पेशंट दिवसाढवळ्या गुंगीत असतील, सरसकट सगळ्यांना लघवीची नळी असेल किंवा कोणाचे हात बांधलेले दिसले, तर तिथे माणसं कमी आणि औषधं जास्त आहेत. रात्री दोन वाजता दहा पेशंटमागे किती जण जागे असतात, हे मॅनेजरला न विचारता तिथल्या मावशींना विचारा. आईला रात्री सोबत राहता येईल का? याला नकार असेल तर कारण ऐकून घ्या. संसर्गाची सबब सांगून नातेवाईकांना लांब ठेवणाऱ्या ठिकाणी मी तरी माझं माणूस ठेवणार नाही.

बोलण्यावरूनही पुष्कळ कळतं. "महिन्याभरात उठून बसतील" म्हणणारा आणि "आता काही उरलं नाही" म्हणणारा, दोघेही टाळण्यासारखे. चांगली टीम आधी बाबांना विचारते की तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे, किती जाणून घ्यायचंय. सलाईनबद्दल त्यांचं मत काढून घ्या. भेटायला येणारे पाहुणे म्हणणारच, "खाणं बंद झालंय, निदान बाटली तरी लावा." शेवटच्या दिवसांत शरीराला ते पाणी वापरता येत नाही. ते पायावर सूज आणि छातीत घरघर होऊन साठतं. रोजच्या 'ताकदीच्या बाटली'वर ज्याचं बिल चालतं तो हे सांगणार नाही. तुळशीपत्र आणि गंगाजलाचंही तसंच. गिळता येत नसेल तर चमचा ओतू नये, गॉजच्या टोकाने ओठ आणि जीभ ओली करावी. श्रद्धेला हात न लावता एवढं समजावून सांगणारी सिस्टर मिळाली तर तुमचं नशीब.

कागदपत्रांचं थोडक्यात. टीमकडून डॉक्टरांच्या सहीचं एक पत्र घरात ठेवा: निदान, बरं करण्याचे उपचार थांबवलेत हे, चालू औषधं, फोन नंबर. घाबरून १०८ बोलावली गेलीच तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला ते पत्र दाखवता येतं. व्हेंटिलेटर नको अशी बाबांची स्वतःची इच्छा असेल, तर सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये पद्धत सोपी केली आहे. दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येतं. सक्ती नाही. आणि घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, कोण देणार, हे आजच विचारून ठेवा. बाबांना अलीकडे तपासलेला डॉक्टरच तो देऊ शकतो. रात्री अकरा वाजता अनोळखी डॉक्टर शोधत फिरण्याची वेळ येते ती इथेच. नोंदणी गावात ग्रामपंचायतीत, २१ दिवसांच्या आत.

पैशांबद्दल एवढंच की दर भेटीचा, बारा तासांच्या ड्युटीचा, गाडीचा, एअर बेडच्या भाड्याचा आकडा लिहून घ्या. महिन्याचे आगाऊ पैसे घेत असतील तर मधेच पेशंट गेल्यास उरलेले परत मिळतात का, हे अवघड वाटलं तरी विचारा. फुकट सेवा देणारा ट्रस्ट म्हणजे दुय्यम, असं मुळीच नाही. गावातल्या उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंनाही भेटा. वृद्ध आणि पॅलिएटिव्ह पेशंटची सेवा त्यांच्या कामात येते, आणि साधं ड्रेसिंग रोज तिथून झालं तर सांगलीच्या टीमच्या फेऱ्या वाचतात. गूगलच्या ताऱ्यांचं म्हणाल तर चांगले शेरे सोडून द्या, फक्त एक-तारावाले वाचा आणि त्यात 'फोन उचलला नाही' किती वेळा येतं ते मोजा. त्याहून खरी माहिती मिरजेत जिथे उपचार झाले तिथल्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर देतील. कोणाचे पेशंट चार दिवसांत परत कॅज्युअल्टीत येतात, हे त्यांना पाठ असतं.

तुमच्या बाबतीत माझा कल आधी घरच्या सेवेकडे आहे, पण दोन अटींवर. आईच्या जोडीला रात्री माणूस हवं, आणि ट्रस्टच्या सेंटरमध्ये नाव आधीच नोंदवून ठेवलेलं हवं, म्हणजे रक्तस्राव किंवा आवरता न येणारं दुखणं झालं तर चार-पाच दिवस तिथे हलवता येईल. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांबद्दल विचारा. एकमेकांचे पेशंट सांभाळून घेणारे असतील तर तुमचं निम्मं काम झालं. पहिला आठवडा चाचणीचा धरा. सात दिवसांनी बाबा रात्री सलग किती तास झोपतात, दुखण्याचा आकडा निम्म्यावर आलाय का आणि आई कशाला घाबरते, या तीन गोष्टी बघा. सुधारणा नसेल तर भिडेखातर थांबू नका, बदला.

आणखी एक प्रश्न राहिला, तो त्यांच्या समन्वयकाला शेवटी विचारा: "पेशंट गेल्यावर तुमचं काम कधी संपतं?" चांगली टीम दहाव्या-तेराव्यानंतर एकदा घरी येते, आईजवळ बसते आणि उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, रजिस्टरवर सही घेऊन परत नेते.